आपापली आवड

"अक्का, काल रात्री तुमच्याकडे पाऊस झाला काय हो?"

कंपाउंडच्या भिंतीपाशी जाऊन मी सकाळी सकाळी पहिला प्रश्न हाच विचारला. एप्रिल महिना, मिरजेचं ऊन, आभाळात औषधालाही ढग नाही, आणि रात्री साडेअकराला पन्हाळीतून पाणी कोसळल्याचा आवाज. आमच्या कुरडया गच्चीवर पसरलेल्या. मी आणि हे, दोघंही अंधारात जिना चढत धावलो. वर बघतो तर लख्ख चांदणं. कुरडया ठणठणीत कोरड्या. पाऊस पडत होता तो अक्कांच्या खिडकीत.

अक्का जास्वंदीला पाणी घालत होत्या. "तुम्हाला ऐकू आला होय? नातवानं लावून दिलाय फोनमध्ये. झोप येत नाही म्हटलं, तर म्हणाला, आजी, पावसाचा आवाज लाव, दहा तासांचा आहे."

"दहा तास! मिरजेला तेवढा जुलैतसुद्धा पडत नाही."

"तेच की. आणि डोळा लागतो न लागतो तोच एक बाई ओरडते, गुडघेदुखीचं तेल घ्या म्हणून. मी दचकून उठून बसले. पाऊस आपला चालूच."

ती बाई आम्हालाही ऐकू आली होती. आम्हाला वाटलं, अक्कांकडे कोणी पाहुण्या उतरल्यात.

आमच्या कॉलनीत उन्हाळ्यात हे असंच असतं. खिडक्या उघड्या, त्यामुळे कोणाच्या घरात काय लावून झोपतात हे सगळ्यांना पाठ. ज्यांनी एसी बसवलाय त्यांच्याबद्दल काहीच कळत नाही, ही एसीची मोठीच गैरसोय.

तेवढ्यात आमची मनू चहाचा कप घेऊन भिंतीशी आली. पुण्याला कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, सुट्टीला आलीय. कुठलाही विषय काढा, "यावर अभ्यास झालाय" म्हणायची तिला खोड. अक्कांना तिचं कौतुक फार, आणि तिला खोडून काढायची हौस त्याहून जास्त.

"अक्काआजी, पाऊस वाईट नाही, जाहिरात वाईट," ती म्हणाली. "एकसारखा आवाज असला की मेंदू थोड्या वेळानं तिकडे लक्ष देणं सोडतो. मध्येच काही बदललं की तो आधी उठतो, माणूस मागाहून."

"हे तर अण्णांच्या घरी रोज दिसतंय," मी म्हटलं.

पाठीमागच्या बंगल्यातले अण्णा. बँकेतून निवृत्त झाले आणि गाणं शिकायला लागले. मिरजेत राहून गाण्याशी संबंध नाही म्हटलं की लोक विचारतात, मूळचे कुठले? तर अण्णांनी सतारमेकर गल्लीतून चांगला पंढरपूरकडच्या भोपळ्याचा तंबोरा आणला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून तर तो पाहुण्यांना दाखवायची वस्तू झालाय. वाजतो तो यंत्रातला तंबोरा. काळी एकला लावलेला, रात्रभर उशाशी. अण्णांच्या सौभाग्यवती पहिल्यांदा वैतागल्या, मग सवय झाली. मागे एकदा रात्री दोनला वीज गेली, यंत्र बंद पडलं, आणि दोघंही खडबडून जागे. घरात चोर शिरलाय असं वाटून अण्णांनी बॅटरीच्या उजेडात सगळी कपाटं तपासली म्हणे. शांततेनं जाग येणारं असं जोडपं मी दुसरं पाहिलेलं नाही.

"तंबोऱ्यावर झोप लागणारच," अक्का म्हणाल्या. "त्यात गाणं कुठे असतं? पंचम, दोन षड्ज, आणि शेवटी खर्ज. तो खर्ज आला की बरं वाटतं. पुढे काय येणार याची वाट बघायला नको."

मनूनं माझ्याकडे पाहिलं. जे ती वर्गात तासभर समजावते ते अक्कांनी पाण्याचा पाइप हलवत सांगून टाकलं होतं.

"आणि गाण्यावर झोपायचं हे आम्हाला कोणी शिकवायला नको. आम्ही उरुसात झोपून मोठे झालो." अक्कांनी आता नळच बंद केला, म्हणजे गोष्ट मोठी होती.

मीरासाहेबांचा दर्गा मिरजेत कोणाला सांगायला नको. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथेच. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ चिंचेखाली गायकांनी हजेरी लावायची, ही तेव्हापासूनची रीत. अक्कांचे वडील कधी चुकवायचे नाहीत, आणि अक्कांना बरोबर न्यायचे. "मी पाच-सहा वर्षांची असेन. परकर-पोलकं, अंगावर वडिलांचं उपरणं, आणि सतरंजीच्या कडेला आमची पोरापोरांची रांग. पहिला ख्याल सुरू झाला की मी आडवी. झोपेत तबला लांब लांब जायचा, मधूनच जवळ यायचा. मध्यरात्री कोणी मोठे बुवा बसले की वडील हलवून उठवायचे, 'ऊठ, हे ऐकून ठेव.' मी बसायची, डोळे चोळायची, दोन ताना ऐकायची, परत आडवी. तशी झोप नंतर कधी लागली नाही बघा."

"गवयांना राग नाही यायचा?"

"राग? पोरं झोपली म्हणजे सूर बरोबर लागलाय, असं म्हणायचे. मोठी माणसं झोपली तर मात्र यायचा."

मनूला राहवेना. "अक्काआजी, लंडनमध्ये हेच केलंय. मॅक्स रिक्टर म्हणून एक संगीतकार आहे. त्यानं 'स्लीप' नावाची साडेआठ तासांची रचना केली, लोकांनी झोपेत ऐकावी म्हणून. २०१५ च्या सप्टेंबरात बीबीसीनं ती रात्री बारापासून सकाळी आठपर्यंत थेट रेडिओवरून ऐकवली. समोरच्या लोकांना खुर्च्या नव्हत्या, खाटा होत्या."

"म्हणजे आमचाच उरूस की. फक्त आम्हाला खाट नव्हती." अक्का जराही चकित झाल्या नाहीत. "आणि तो सकाळी आठला संपवून गेला, तर लोकांना उठवलं कोणी?"

याचं उत्तर मनूकडे नव्हतं.

आता उघड्यावरच्या रात्रभराच्या मैफली राहिल्या नाहीत तशा. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद, वर्षातले मोजके दिवस तेवढी बारापर्यंत सवलत. नियम बरोबरच आहे, माझी काही तक्रार नाही. दवाखान्यांचं गाव हे, आजाऱ्याला झोप हवी. पण त्यामुळे झालंय असं, की उत्तररात्रीचे मालकंस आणि दरबारी लोक संध्याकाळी साडेसातला ऐकतात आणि पावणेदहाला स्कूटर काढतात. मी हे म्हटल्यावर अक्का लगेच म्हणाल्या, "आणि डॉल्बी?" आमच्याकडे मिरवणुकीतल्या त्या छाती धडधडवणाऱ्या भिंतीला डॉल्बी म्हणतात. मग तो विषय थोडा वेळ चालला. लिहिण्यासारखं त्यातलं काही नाही, सगळं सांगली-मिरजेच्या माणसाला ठाऊक आहे.

मुसोलिनीही आलाच. गाणं आणि झोप एकत्र आलं की महाराष्ट्रातलं कोणी ना कोणी मुसोलिनीला आणतंच. अक्कांनी वडिलांकडून ऐकलेली गोष्ट अशी: पंडित ओंकारनाथ ठाकूर १९३३ च्या सुमाराला युरोपात गेले होते, मुसोलिनीला निद्रानाश, कसल्याच औषधाचा गुण येईना, तेव्हा पंडितजींनी पूरिया गायला आणि गडी घोरायला लागला.

"याला पुरावा काय?" मनू.

"मुसोलिनीला विचारायला जाऊ का आता?"

मनूनं मग बाखची कथा काढली. कुणा एका काउंटला झोप येत नसे, तो गोल्डबर्ग नावाच्या आपल्या वादकाला शेजारच्या खोलीत वाजवायला बसवायचा, त्याच्यासाठी बाखनं १७४१ साली छापलेली रचना केली, असं बाखच्या चरित्रकारानं १८०२ मध्ये लिहून ठेवलं. अभ्यासक म्हणतात, संशयच आहे. रचना छापली तेव्हा गोल्डबर्ग चौदा वर्षांचा, आणि छापील प्रतीवर काउंटच्या नावानं अर्पणपत्रिकाही नाही. मला स्वतःला बाखच्या गोष्टीत एकच प्रश्न पडतो. रात्रभर दुसऱ्याला झोपवणाऱ्या त्या पोराला झोप कधी मिळायची?

इथे मला आमच्या ह्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपचा राग काढायचा होता, तो काढला. रोज कोणीतरी यादी पाठवतं: रक्तदाबाला अमुक राग, पित्ताला तमुक, निद्रानाशाला हा सकाळ-संध्याकाळ. जणू राग म्हणजे जेवणानंतर घ्यायची गोळी. रागांना प्रहर आहेत, त्यांना परंपरा आहे, बागेश्री रात्रीची आणि तोडी सकाळची हे खरं. कर्नाटक संगीतात निलांबरी हा राग अंगाईशी जोडलेला, हेही खरं. अक्कांचं माहेर धारवाडकडचं, त्यांनी लगेच मान डोलावली. पण म्हणून कोणी निलांबरी लावली आणि घोरायला लागलं असं होत नसतं. ज्याला दाक्षिणात्य गमक सवयीचं नाही तो उलट उठून बसेल.

"बाळ नाही उठून बसत," अक्का म्हणाल्या. त्यांची पणती अमेरिकेत, आई तेलुगू, बाप मराठी, घरात इंग्रजी. अक्का व्हिडिओवर पाळणा म्हणतात आणि पोरगी झोपते. "तिला कुठले शब्द कळतात?"

मनू खूश झाली. यावरही अभ्यास झाला होता. हार्वर्डच्या लोकांनी २०२० मध्ये १४४ बाळांना अनोळखी भाषांतल्या, अनोळखी समाजांतल्या अंगाया ऐकवल्या, आणि दुसरी साधी गाणीही. कुठलीच भाषा बाळांच्या घरातली नव्हती. तरी अंगाई लागली की त्यांच्या हृदयाचे ठोके जास्त मंदावले.

"एवढी बाळं झोपवायला किती बायका लागल्या असतील," अक्का म्हणाल्या. त्यांचा हिशेब नेहमी कामाच्या बाजूनं असतो.

"बरं, ते बाळांचं. माझ्यासारख्या म्हातारीला गाण्यानं झोप येते असं काही सिद्ध झालंय का, ते सांग."

मनू जरा सरळ उभी राहिली. झोप न येणाऱ्या मोठ्या माणसांवरच्या १३ चाचण्या, सगळी मिळून १००७ माणसं, त्यांचा आढावा २०२२ मध्ये निघाला. रोज पंचवीस मिनिटं ते तासभर संगीत ऐकायचं, कुठे तीन दिवस, कुठे तीन महिने. माणसांनी स्वतःच सांगितलं की झोप सुधारली. अगदी चमत्कार नव्हे, पण लक्षात येण्याइतकी.

"कुठलं गाणं पण?"

"तिथेच तर गंमत आहे," मनू म्हणाली, पण गंमत सांगायला तिला मिळाली नाही, कारण मला आमच्या ह्यांची गोष्ट सांगायची होती आणि ते तेवढ्यात आंघोळीला गेले होते.

ह्यांची समजूत अशी की शब्द नसलेलं संगीत जास्त शांत. म्हणून हे रात्री बासरीवर वाजवलेली जुनी सिनेमाची गाणी लावतात. तासाभरानं मला हलवतात. "अगं, या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्याचे शब्द काय गं?" मी झोपेत काहीतरी सांगते, ते चूक निघतं, मग हे दिवा लावून फोनवर शोधतात, मग आम्ही दोघंही जागे. परवा तर मुखडाच आठवेना, तेव्हा ह्यांनी रात्री पुण्याला मेव्हण्याला फोन लावला. मेव्हणाही जागाच होता, हा आणखी वेगळा विषय.

"बाबांवर अभ्यास झालाय!" मनू ओरडलीच. टेक्सासच्या बेलर विद्यापीठातला मायकेल स्कलिन. २०२१ चा त्याचा निबंध. पन्नास तरुण मुलंमुली प्रयोगशाळेत रात्री झोपायला बोलावली. काहींना लोकप्रिय गाणी ऐकवली, काहींना त्याच गाण्यांच्या नुसत्या चाली. सगळ्यांना वाटेल की नुसत्या चालीवाले छान झोपतील. झालं उलटं. शब्द काढून टाकलेली चाल डोक्यात जास्त घोळत राहिली, आणि ज्यांच्या डोक्यात ती घोळली त्यांना झोप लागायला वेळ लागला, रात्रीत जागही जास्त आली. झोपेतसुद्धा मेंदू चाल घोळवत राहतो, असं दिसलं.

"म्हणजे मोकळ्या जागेत मन शब्द भरत बसतं," अक्का म्हणाल्या.

"तसंच काहीसं. म्हणून बाबांनी एकतर अजिबात माहीत नसलेली चाल ऐकावी, नाहीतर शब्दांसकट गाणं."

"नाहीतर दुसऱ्या खोलीत झोपावं," मी म्हटलं.

मग रेडिओची आठवण निघणं भागच होतं, कारण अक्कांचं आणि माझं या एका बाबतीत कधी भांडण होत नाही. आमच्या तरुणपणी रात्र कधी संपायची हे रेडिओ ठरवायचा. १९५७ साली विविध भारती सुरू झाली. रात्री दहाला छायागीत, त्यानंतर बेला के फूल. निवेदक इतक्या हलक्या आवाजात बोलायचे की जणू त्यांच्याही घरात कोणी झोपलंय. मराठीत 'आपली आवड'. गावोगावची नावं यायची, तासगाव, कवठेमहांकाळ, जत. आपलं गाव येतंय का म्हणून कान टवकारलेले असायचे आणि तेवढ्यात डोळा लागायचा. मग सभा संपल्याची घोषणा, आणि नुसती खरखर. घरातलं जे कोणी शेवटचं जागं असेल त्यानं उठून कान पिळायचा.

माझं म्हणणं एवढंच की ते संपायचं. तिकडे दिल्ली-मुंबईत बसलेला कोणीतरी माणूस सांगायचा की झालं आता, झोपा. फोन असं काही म्हणत नाही. एक गाणं संपलं की दुसरं तो आपल्या मनानं काढतो, ते आपल्याला आवडलं तर आपण जागे, नाही आवडलं तर बदलायला म्हणून हातात घेतो, आणि घेतलाच आहे हातात तर बहिणीचा निरोप वाचतो. बहीण रात्री बाराला निरोप पाठवते ते तिलाही झोप येत नाही म्हणून. अक्कांच्या नातवाचं तर वेगळंच. तो कानात बोंडं घालून झोपतो, सकाळी एक कानात आणि एक गादीखाली. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालेल. रोज रात्री सात तास धरा, ४९ होतात. आणि दिवसभराचं वेगळंच.

"फोनला टायमर असतो गं आई," मनू म्हणाली. "पाऊण तासानं आपोआप बंद होतो. हळूहळू आवाज कमी करत जाणाराही असतो, अण्णांच्या तंबोऱ्यासारखा गचकन नाही."

"आमच्या वेळी टायमर म्हणजे सासरे," अक्का म्हणाल्या.

अक्का एकदम पंढरपुरात पोचल्या ते इथे. वारी नाही, पण आषाढीनंतरच्या गर्दी ओसरलेल्या दिवसांत त्या दर वर्षी मिरजेहून गाडीनं जातात. त्यांनी सांगितलं ते मला माहीत होतं, मनूला नव्हतं. विठ्ठलालाही रोज शेजारती म्हणून झोपवतात. पण आषाढीच्या यात्रेला चोवीस तास दर्शन सुरू झालं की देवाचा पलंगच काढून ठेवतात. शेजारती बंद. पाठीला लोड देतात, रखुमाईला तक्क्या, आणि देव उभ्यानं जागा. ते पार प्रक्षाळपूजेपर्यंत. त्या दिवशी स्नान, मग पुन्हा पलंग, पुन्हा शेजारती, आणि शिणवटा जावा म्हणून काढा.

"काढा?" मनूचे डोळे मोठे झाले.

"मग! इतके दिवस झोप नाही. नुसत्या गाण्यानं कशी लागेल? आधी आंघोळ, मग काढा, मग गाणं. पंढरपूरवाल्यांना ते कळतं, तुझ्या टेक्सासवाल्याला नाही."

मनूनं ते निमूट ऐकून घेतलं. तिच्या विषयात झोपेआधीच्या दिनक्रमाला फार महत्त्व आहे, रोज तीच वेळ, तोच क्रम. तिनं एवढंच म्हटलं की पंढरपूरचं मी वर्गात सांगणार.

"ते कुठलं गाणं ते राहिलंच," मी आठवण केली.

डेन्मार्कमध्ये ऑर्हुस म्हणून गाव आहे. तिथल्या विद्यापीठाच्या लोकांनी २०२३ मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. लोक झोपण्यासाठी गाण्यांच्या ज्या याद्या करून ठेवतात त्यातल्या ९८५ याद्या घेतल्या. सव्वादोन लाखांवर गाणी निघाली. बरीचशी अपेक्षेप्रमाणे: संथ, हळू आवाजातली, शब्द नसलेली. पण मध्येच चांगली जोरकस, नाचायची गाणी. बीटीएस या कोरियन मुलांचं 'डायनामाइट' कितीतरी जणांच्या यादीत.

"डायनामाइट लावून झोपतात?" अक्कांनी कपाळाला हात लावला.

"हो! संशोधकांचा अंदाज असा की सवयीचं असेल. शंभर वेळा ऐकलेलं गाणं असलं की पुढे काय येणार हे ठाऊक असतं, मग जोराचं असलं तरी माणूस सैलावतो."

अक्का भिंतीवर जरा पुढे झुकल्या आणि आवाज खाली आणला. म्हणजे आता गार्डसाहेब.

कोपऱ्यावरच्या घरातले गार्डसाहेब रेल्वेतून निवृत्त. हल्ली गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणायचं असं रेल्वेनं ठरवलंय, पण आमच्याकडे ते गार्डसाहेबच. नोकरीची सुरुवात बार्शी लाइटच्या छोट्या गाडीवर, मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी, मग मोठ्या लाइनीवर. घर स्टेशनच्या अंगाला. जन्मभर ज्या आवाजात जागं राहायचा पगार घेतला, त्याच आवाजाशिवाय आता त्यांना झोप लागत नाही. मागच्या दिवाळीत लेकीकडे पुण्याला गेले. कोथरूडला नवव्या मजल्यावर फ्लॅट, दुहेरी काचा, टाचणी पडली तर ऐकू येईल. गार्डसाहेब रात्रभर फेऱ्या मारतात. लेकीला वाटलं छातीत दुखतंय. डॉक्टर, पट्टी, सगळं झालं. शेवटी जावयानं ओळखलं आणि फोनवर गाडीचा आवाज शोधून लावला, रुळांचा खडखडाट, कुठेतरी दुसऱ्या देशातली गाडी. सासरे दहा मिनिटांत घोरायला लागले.

"पण पुढचं ऐका," अक्का म्हणाल्या. "दोन वाजता उठले आणि जावयाला उठवलं. म्हणाले, अहो, ही गाडी इतका वेळ झाला सिग्नलला थांबली कशी नाही?"

मनू हसून हसून चहा सांडून बसली.

"हसू नका, त्यांच्या बायकोचं बघा," अक्का आणखी खाली आवाजात. "त्यांना गाडीही नको, गाणंही नको. त्यांना झोप लागते ती..." आणि त्यांनी जे सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही, कारण गार्डकाकू हे मासिक घेतात.

"अक्काआजी, ते सोडा. तुम्हाला पूर्वी कशानं झोप लागायची? उरूस सोडून."

अक्कांनी विचार केला. मग म्हणाल्या, "बाजारभाव."

त्यांचे यजमान सांगलीला हळदीच्या अडतीत होते. संध्याकाळी रेडिओवर बाजारभाव लागले की पान तसंच ठेवून ऐकायचे. राजापुरी हळद, बेदाणा, गूळ, शाळू. किमान इतका, कमाल इतका, सरासरी इतका. निवेदकाच्या आवाजात चढ नाही, उतार नाही. "पोळ्या लाटून झालेल्या असायच्या. मी भिंतीला टेकून बसायची आणि बेदाणा येईपर्यंत माझी मान पडलेली. यजमान म्हणायचे, भाव पडला का बायको पडली तेच कळत नाही."

मनूनं फोन काढला. आतून कालचं वर्तमानपत्र आणलं, बाजारभावाचं पान उघडलं आणि तिथेच उभ्यानं, वर्गात हजेरी घेतात त्या सुरात वाचायला सुरुवात केली. हळद झाली, बेदाणा झाला, कांदा झाला. सगळं ध्वनिमुद्रित. जाहिरात नाही, तेलवाली बाई नाही.

"मागे काहीतरी असावं बरं का," अक्का आता कामाला लागल्या होत्या. "अण्णांना विचार, तंबोरा लावून देतील. पण काळी एक मला उंच पडेल, जरा खाली घ्यायला सांग."

"अक्का, तुम्हाला कुठे गायचंय? झोपायचंय."

"झोपायचं तरी आपल्या पट्टीत नको?"

मनू म्हणाली, रात्री मागच्या दारानं जाऊन अण्णांच्या खिडकीखाली उभी राहून तंबोरा टिपून आणते, विचारायचीसुद्धा गरज नाही. मी म्हटलं, त्या दोघांना चोराची भीती आहे, तू तिथे जाऊ नकोस. अक्का म्हणाल्या, गूळही घाल, गूळ राहिला, कोल्हापुरी गुळाचा भाव मला आवडतो. मनू पान उलटून गूळ शोधत होती, आणि मी तिला सांगत होते की गार्डकाकूंचं ते जे काही आहे त्यावरही अभ्यास झाला असेल तर बघ, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

"गप्प बसा, आल्या." अक्कांनी पाइप उचलला आणि आधीच चिंब झालेल्या जास्वंदीवर पुन्हा धरला. "या या, काकू! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. आत्ताच मी वहिनींना म्हणत होते, हापूस काय डझन म्हणतात यंदा मार्केटात?"